रोम किती दिवसांचे?

व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम ही तीन शहरे, त्यांसाठी सहा ते आठ दिवस आणि सवड मिळाल्यास पिसा किंवा सिएना येथे अर्धा दिवस, असा इटलीच्या छोट्या सहलीचा आराखडा आज इतका रूढ झाला आहे की तो कोणी आणि कधी ठरवला, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. ही शहरे सुंदर आणि प्रसिद्ध आहेत म्हणून आराखडा असा झाला, हे उत्तर अपुरे आहे. कारण इटलीत सुंदर आणि प्रसिद्ध शहरांची वाण कधीच नव्हती. पोपची फर्माने, घोड्यांचा दम, हिवतापाचा ऋतू आणि लोहमार्गांची वळणे यांनी हा आराखडा घडवला असून त्यात त्यांचा वाटा कलेच्या इतिहासाइतकाच मोठा आहे.

दिवस मोजण्याची प्रथा धर्माने सुरू केली. २२ फेब्रुवारी १३०० रोजी पोप आठवे बोनिफेस यांनी ‘जुबिली’चे, म्हणजे पापाच्या शिक्षेतून पूर्ण माफी देणाऱ्या पवित्र वर्षाचे फर्मान काढले. सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या बॅसिलिकांचे, म्हणजे विशेष धार्मिक मान असलेल्या दोन मोठ्या चर्चचे, रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस आणि बाहेरून आलेल्यांनी पंधरा दिवस दर्शन घ्यावे, असे त्यात म्हटले होते. परक्या माणसाचा रोममधील मुक्काम किती दिवसांचा असावा, याचा इतका स्पष्ट आकडा त्यामुळे लोकांसमोर आला. त्या वर्षी लोटलेल्या गर्दीत सेंट पीटरकडे जाणारे आणि तिकडून परतणारे यांच्यासाठी सान्त’आंजेलो पुलाचे दोन भाग करावे लागले होते. या व्यवस्थेचा उल्लेख दान्तेने आपल्या महाकाव्याच्या नरकखंडात केला आहे. १४५० च्या जुबिलीत याच पुलावर चेंगराचेंगरी होऊन शंभराहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले, आणि पुढे १४७५ च्या जुबिलीसाठी पोप चौथे सिक्स्टस यांनी तिबेर नदीवर ‘पोन्ते सिस्तो’ हा नवा पूल उभारला. तो आजही वापरात आहे आणि त्रास्तेव्हेरेकडे जाताना त्यावरून चालणाऱ्याच्या पायाखाली यात्रेकरूंच्या गर्दीसाठी केलेले पंधराव्या शतकातील नियोजन असते.

या यात्रेकरूंच्या हाती पुस्तकेही होती. बाराव्या शतकाच्या मध्यास लिहिले गेलेले ‘मिराबिलिया उर्बिस रोमाए’, म्हणजे ‘रोम नगरीची अद्भुते’, हे लॅटिन पुस्तक आपल्याकडील क्षेत्रमाहात्म्यांशी नाते सांगणारे आहे. त्यात वेशी, कमानी, स्नानगृहे आणि टेकड्या यांच्या याद्या आहेत आणि त्यांमध्ये दंतकथा गुंफलेल्या आहेत. या काळातील समजुती किती परिणामकारक ठरू शकत, हे घोड्यावर आरूढ असलेल्या मार्कस ऑरेलियसच्या कांस्यमूर्तीवरून दिसते. मध्ययुगात ती ख्रिस्ती धर्माला आश्रय देणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइनची मानली जात होती, म्हणूनच ती वितळवली गेली नाही, आणि आज कॅपिटोलिनी संग्रहालयात तिच्यासमोर उभा राहणारा प्रवासी त्या गैरसमजाचा ऋणी आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ले कोझे माराव्हिल्योझे’ या लोकप्रिय पुस्तिकेला परदेशी पाहुण्यांसाठी एक मार्गदर्शिका जोडली जाऊ लागली, आणि तिच्यात रोमची पाहणी तीन दिवसांत वाटून दिलेली होती. तीन दिवसांत रोम उरकणे ही विमानयुगातील घाईची निर्मिती आहे, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागते.

त्याच शतकात धर्मगुरू फिलिप्पो नेरी यांनी सात चर्चच्या एकत्रित दर्शनाला, म्हणजे एका प्रकारच्या नगरपरिक्रमेला, लोकप्रियता मिळवून दिली, आणि पोप पाचवे सिक्स्टस (१५८५–१५९०) यांनी ती चर्चे जोडणारे सरळ, लांब रस्ते पाडले. या रस्त्यांच्या टोकांना त्यांनी ओबेलिस्क, म्हणजे एकाच शिळेतून घडवलेले आणि वर निमुळते होत जाणारे प्राचीन इजिप्शियन धाटणीचे स्तंभ, उभे केले. सेंट पीटरसमोरील स्तंभ १५८६ मध्ये दोमेनिको फोन्ताना या वास्तुकाराने नऊशेच्या आसपास माणसे आणि शंभराहून अधिक घोडे जुंपून हलवला. त्यानंतर सान्ता मारिया माज्जोरे, लॅटरन आणि पियाझ्झा देल पोपोलो येथील स्तंभ उभे राहिले. वाट न विचारता दुरून दिसणाऱ्या स्तंभाच्या रोखाने चालत जावे, अशी ती योजना होती. आज नकाशा हातात असूनही रोममध्ये गोंधळलेला प्रवासी स्तंभ दिसताच सावरतो.

सतराव्या शतकात यात्रेकरूच्या शेजारी वेगळा प्रवासी दिसू लागला. उत्तर युरोपातील श्रीमंत घरांतील तरुण शिक्षण पुरे करण्यासाठी शिक्षकासह इटलीला येऊ लागले. या दीर्घ प्रवासाला ‘ग्रँड टूर’ म्हणतात, आणि तो शब्द रिचर्ड लॅसल्स याच्या १६७० मध्ये छापल्या गेलेल्या इटलीविषयक पुस्तकातून रूढ झाला. या प्रवासाचे वेळापत्रक हवामान आणि सणवार ठरवत. रोमभोवतीच्या सखल प्रदेशात उन्हाळ्यात हिवतापाचा उपद्रव असे, आणि ‘मलेरिया’ हा शब्दच ‘वाईट हवा’ या अर्थाच्या इटालियन शब्दांपासून आलेला आहे. म्हणून जाणते प्रवासी शरद ऋतूत उतरत, हिवाळा रोम आणि नेपल्समध्ये काढत, ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहासाठी रोमला परतत आणि नंतर व्हेनिसचा स्वर्गारोहणाचा उत्सव गाठण्यासाठी उत्तरेकडे निघत. आज उन्हाळी सुट्टीमुळे रोममध्ये मोठी झुंबड नेमकी ज्या महिन्यांत उडते, ते महिने जुन्या प्रवाशांनी कटाक्षाने टाळले होते, आणि उन्हाचा विचार करता त्यांचाच निर्णय शहाणपणाचा होता.

प्रवासाचे साधन म्हणजे घोडागाडी, आणि तिच्या दोन पद्धती होत्या. एकीत ठरावीक अंतरावरील डाकचौक्यांवर घोडी बदलत वेगाने जाता येई, पण खर्च भारी पडे. दुसरीत ‘व्हेतुरिनो’, म्हणजे गाडी आणि घोडी स्वतः पुरवणारा गाडीवान, संपूर्ण प्रवासाचा ठेका घेई. त्याच्याशी लेखी करार होई: कोणत्या गावी मुक्काम, किती दिवसांत पोहोचवायचे, रात्रीचे जेवण आणि अंथरूण त्याच रकमेत आहे की नाही, हे सारे त्यात नमूद असे, आणि गाडीवानाचे वर्तन चांगले राहिले तर शेवटी ‘बुओनामानो’, म्हणजे बक्षिसी, द्यावी लागे. सरायांच्या मालकांशी घासाघीस करण्याचे काम त्याच्याकडे गेल्याने परक्या माणसाची मोठी डोकेदुखी टळे. निवास, भोजन आणि वाहन एकाच रकमेत देणाऱ्या आजच्या सहलींचे मूळ या साध्या करारात आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र घोडी तीच राहत असल्याने त्यांना दुपारी विसावा द्यावा लागे, आणि फ्लॉरेन्सहून रोमला पोहोचायला पाच-सहा दिवस लागत. त्यातच प्रत्येक राज्याची जकात, नाणी आणि परवाने वेगळे. पैसा रोखीने न नेता हुंडीवर उचलला जाई. उत्तरेकडून रोममध्ये शिरलेल्या प्रवाशाला सामानाच्या तपासणीसाठी जकात कचेरीत जावे लागे, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ती कचेरी सम्राट हेड्रियनच्या मंदिराच्या अवशेषांत होती. ज्या प्राचीन वैभवासाठी एवढी पायपीट केली, त्याचे पहिले जवळून दर्शन अनेकांना त्या मंदिराच्या अकरा स्तंभांच्या सावलीत, पेट्या उघडून दाखवताना झाले असणार.

अशा प्रवाशांसाठी जुझेप्पे वासी या तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणाऱ्या कलावंताने १७६३ मध्ये एक पुस्तक काढले. त्यापूर्वी रोमच्या भव्यतेवरील त्याचे चित्रग्रंथ दहा खंडांत प्रसिद्ध झाले होते. या नव्या, हाती बाळगण्याजोग्या पुस्तकात त्याने सारे शहर आठ दिवसांच्या फेऱ्यांत विभागले. त्याची दृष्टी आजही वाखाणण्याजोगी वाटते. प्राचीन अवशेष एका दिवशी आणि चर्चे दुसऱ्या दिवशी, अशी विषयवार वाटणी न करता त्याने शेजार पाहिला. चालताना जे ओळीने लागते ते ओळीने सांगितले, मग ते भग्न मंदिर असो, सरदाराचा वाडा असो की अनाथालय असो. रोममध्ये काळाचे थर एकाच गल्लीत एकावर एक चढलेले असल्याने हीच पद्धत त्या शहराला न्याय देते. त्या मानाने ग्योटे हा जर्मन कवी १७८६ च्या ऑक्टोबरमध्ये रोमच्या ओढीने फ्लॉरेन्समधून अवघ्या तीन तासांत बाहेर पडला, हे वाचून आजच्या घाईच्या प्रवाशाला थोडा धीर येईल. पण त्यानंतर ग्योटे रोममध्ये महिनोन्‌महिने राहिला, हेही त्याने ध्यानात ठेवावे.

फ्लॉरेन्सला आराखड्यातील आपले स्थान एका स्त्रीच्या दूरदृष्टीमुळे टिकवता आले. तेथे राज्य केलेल्या मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा हिने १७३७ मध्ये नव्या राज्यकर्त्यांशी करार करून घराण्याचा सारा कलासंग्रह राज्याला दिला, आणि त्यातील काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाऊ नये अशी अट घातली. राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशीयांचे कुतूहल जागे करणे, अशी तिने दिलेली कारणे होती. या संग्रहाचे उफ्फिझी कलादालन १७६९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

एकोणिसाव्या शतकातील बदल सर्वांना परिचित आहेत. मार्गदर्शिका लिहिणाऱ्या मारियाना स्टार्क हिने चित्रांची महती दाखवण्यासाठी नावापुढे उद्गारचिन्हे दिली, मरे आणि बेडेकर यांच्या मार्गदर्शिका घरोघरी पोहोचल्या, बेडेकरचे तारांकन प्रमाण मानले जाऊ लागले, आणि १८६४ मध्ये सहल-आयोजक थॉमस कुकने आपली पहिली इटली सहल नेली. परंतु आराखड्यावर खरा घाव घातला तो लोहमार्गाने. १८४६ मध्ये खाडीवरील पुलामुळे व्हेनिस मुख्य भूमीला जोडले गेले. तोपर्यंत नावेतून येणाऱ्याला सान मार्कोच्या धक्क्यावरील दोन स्तंभांमधून शहरात पाऊल टाकता येई. तो धक्का म्हणजेच शहराची वेस होती. पुलानंतर प्रवासी मागच्या बाजूने शिरू लागला. सिएनाचे नुकसान याहून मोठे झाले. फ्लॉरेन्स ते रोम या जुन्या दोन रस्त्यांपैकी एक सिएना, रादिकोफानी आणि व्हितेर्बो या मार्गे जाई, त्यामुळे सिएनाला मुक्काम ओघानेच घडे. तेथे १८४९ मध्ये रेल्वे आली, तरी फ्लॉरेन्स–रोम हा मुख्य लोहमार्ग पुढे अरेझ्झो, क्युसी आणि ऑर्व्हिएतो या बाजूने स्थिर झाला, आणि एके काळी फ्लॉरेन्सची तुल्यबळ प्रतिस्पर्धी असलेली ही नगरी अर्ध्या दिवसाची पुरवणी होऊन बसली. आज जलदगती गाडी फ्लॉरेन्सहून रोमला दीड तासात पोहोचते. वाचलेले दिवस प्रवाशाच्या पदरात पडावयास हवे होते. प्रत्यक्षात ते आराखड्यातूनच वजा झाले.

शेंगेन व्हिसासाठी मुक्कामांचा तपशील आधी द्यावा लागतो, मिलानमधील लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’समोर पंधरा मिनिटांचीच मुभा मिळते, आणि एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांकडून पाच युरोचे प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ केला. गर्दीची वाटणी करणे हे जुनेच काम आता नव्या साधनांनी चालले आहे.

इटलीच्या या इतिहासात एक पान कोल्हापूरचेही आहे. १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा आटोपून मायदेशी परतत असताना करवीरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्समध्ये वयाच्या विसाव्या वर्षी निवर्तले. तेथे दहनाची प्रथा नव्हती. शहराच्या अधिकाऱ्यांनी विशेष परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. प्रवासात त्यांनी ठेवलेली रोजनिशी १८७२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. १८७४ मध्ये संगमाजवळ घुमटाकार छत्री उभारून तिच्याखाली त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला; तिचा आराखडा चार्ल्स मँट या वास्तुकाराचा होता, आणि कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याच्याच कल्पनेतून उभा राहिला. छत्रीजवळचा विसाव्या शतकातील पूल ‘पोन्ते आल्लिंदियानो’, म्हणजे त्या भारतीयाचा पूल, या नावाने ओळखला जातो.

कोणत्याही आठ दिवसांच्या जुन्या आराखड्यात ही छत्री नाही आणि नव्यांतही ती क्वचितच असते. मराठी प्रवाशाने फ्लॉरेन्समधील एक सकाळ रिकामी ठेवावी, काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकापर्यंत झाडांखालून चालत जावे, आणि संगमावर थोडा वेळ थांबावे. तेथे तिकीट लागत नाही आणि वेळही ठरवून घ्यावी लागत नाही.