खाकीची पहिली धुलाई

1984 च्या डिसेंबरात आमच्या शाळेचे शिबिर आंभोऱ्याला गेले होते. कुही तालुक्यातले हे ठिकाण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. वैनगंगेला इथे कन्हान, आम आणि आणखी दोन नद्या येऊन मिळतात. काठावर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. आज तिथे गोसीखुर्द धरणाचे पाणी दूरवर पसरलेले दिसते. तेव्हा मात्र रेतीचा लांबच लांब पट्टा होता आणि त्याच रेतीवर आमचे तंबू ठोकले होते.

शिबिराचा पोशाख ठरलेला होता : पांढरा सदरा आणि खाकी हाफपँट. माझे अब्बा कुहीत शिलाईकाम करायचे. शिबिराच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरी रात्री उशिरापर्यंत शिवणयंत्र चालू असे. गावातल्या निम्म्या पोरांच्या खाकी पँटी आमच्याच ओसरीवर शिवल्या गेल्या. खाली चार बोटे कापड दुमडून ठेवायचे, म्हणजे मुलगा वाढला की उसवून लांबी वाढवता येते, ही अब्बांची रीत. माझी पाळी शेवटी आली आणि तोवर कापड संपले. नवे आणायला पैसे नव्हते. मग अम्मीने जुने पांढरे मांजरपाट काढले, चुलीवर बाभळीची साल आणि चहाची पत्ती उकळली आणि त्यात ते कापड बुडवले. रंग बेमालूम जमला. निदान आमच्या ओसरीवरच्या कंदिलाच्या उजेडात तरी तसे वाटले.

दुसऱ्या दिवशी नदीत कपडे धुतले आणि बिंग फुटले. पाणी तपकिरी झाले, पँटीवर ढगासारखे डाग पडले. सकाळच्या तपासणीत मला रांगेतून बाहेर काढून बाजूला उभे केले. पोरे हसली. चौदा वर्षांच्या मुलाला ते हसणे किती लागते, हे सांगायला नको. घरी आल्यावर मी अम्मीशी दोन दिवस बोललो नाही.

पुढे बी.ए.ला असताना नागपूरच्या एका ग्रंथालयात लष्करी पोशाखांवरचे एक पुस्तक हाती लागले आणि मी खुर्चीवर ताठ बसलो. त्या डागाळलेल्या पँटीचा इतिहास माझ्यासमोर उघडा पडला होता.

‘खाक’ म्हणजे धूळ, माती. फारसीतला हा शब्द उर्दूत आला, तसाच मराठीतही रुळला. आपण मराठीत ‘जळून खाक झाले’ म्हणतो तो हाच. खाकी म्हणजे मातीच्या रंगाचा. 1846 साली हॅरी लम्सडेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी केली. तोवर कंपनी सरकारची फौज लाल डगल्यासाठी ओळखली जाई. डोंगराळ मुलखात तो लाल रंग मैलभरावरून दिसे, आणि उन्हाळ्यात घट्ट डगल्यात शिपाई उकडून निघे. लम्सडेनने आपल्या माणसांना तिथल्या लोकांसारखे सैलसर सुती कपडे दिले आणि ते मातीच्या रंगात रंगवून घेतले. 1857 च्या धामधुमीत तर अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे ड्रिलचे कपडे चहा, कॉफी, चिखल, शाई, जे हाती लागेल त्यात बुडवले.

आणि त्यांचाही रंग जात होता! एका पलटणीचे खाकी दुसरीशी जुळत नसे, दोन धुलाया झाल्या की शिपाई ठिगळांचा दिसे. पक्का खाकी रंग मिळायला 1884 साल उजाडले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये न जाणाऱ्या खाकी रंगाचे पेटंट घेतले गेले. 1897 च्या सुमारास ब्रिटिश फौजेने परदेशातल्या मोहिमांसाठी खाकी हाच अधिकृत रंग ठरवला. म्हणजे ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्याच्या शिपायांनी जवळजवळ चाळीस वर्षे माझ्यासारखीच डागाळलेली खाकी घातली. फरक इतकाच, की त्यांना कोणी रांगेतून बाहेर काढले नाही.

पुढे या कपड्यांनी लढाई सोडली आणि ते सहलीला निघाले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात नाव कमावलेल्या बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले. त्यातून स्काउट चळवळ जन्मली. रुंद काठाची टोपी, अर्धी विजार, गळ्यात रुमाल. त्या रुमालाची झोळी करून मोडका हात अडकवता येतो, पट्टी बांधता येते, डोके झाकता येते. शिबिराचा पोशाख छान का दिसतो, याचे उत्तर मला इथे सापडते. त्यातली प्रत्येक गोष्ट काहीतरी काम करत असते. बिनकामाचे काही नसले की कपड्याला आपोआप डौल येतो.

या पोशाखातले शब्द तपासले तर आणखी गंमत दिसते. पायांच्या नडगीला गुंडाळायच्या कापडी पट्टीला इंग्रज ‘पटी’ म्हणू लागले, तो आपला ‘पट्टी’ हाच शब्द. काट्यांपासून आणि ओरखड्यांपासून बचाव व्हावा म्हणून हिमालयातले लोक ती बांधत, पहिल्या महायुद्धात ती लाखो शिपायांच्या पायांवर होती. गळ्यातला किंवा डोक्याचा ‘बंडाना’ आला आपल्याकडच्या बांधणीच्या कापडावरून. आणि जाडजूड ‘डंगरी’? मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या भरड सुती कापडावरून. ते कापड जहाजांवरचे खलाशी वापरत. आज डोंगर चढणारी तरुण मुले डंगरी घालून फोटो काढतात, तेव्हा मुंबईतली एक वस्ती त्यांच्या अंगावर असते आणि ते त्यांना ठाऊक नसते.

पण मंडळी, खरा मुक्काम करणारे लोक आपल्याकडे या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून होते. मेंढरांमागे आठ-आठ महिने रानोमाळ हिंडणाऱ्या धनगराची घोंगडी पाहा. ती जाड लोकरीची, वर चिंचोक्याची खळ दिलेली. पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की पाणी लवकर आत शिरत नाही, थंडीत तीच पांघरूण, दुपारी तेच अंथरूण. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. सुती कापडाचे तसे नाही, ते भिजले की अंगातली ऊब शोषून घेते. म्हणूनच आजही सह्याद्रीच्या पावसात किंवा हिमालयात जाणाऱ्यांना जाणकार सुती कपडे टाळायला सांगतात. आपल्या विदर्भाच्या कोरड्या उन्हात मात्र सुतासारखे सुख नाही. ते घाम टिपते आणि वाऱ्याने गारवा देते. डोक्याला, कानांना गुंडाळलेला पांढरा दुपट्टा मे महिन्यातल्या झळांपुढे कुठल्याही महागड्या टोपीला हार जात नाही. आणि धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात रोवणी करणाऱ्या आमच्याकडच्या बायांचे काष्ट्याचे लुगडे? चालायला, वाकायला, उडी मारून नाला ओलांडायला इतका मोकळा पोशाख स्त्रियांसाठी दुसरा सहज दाखवता येणार नाही.

आमच्या तालुक्यात आता पर्यटक येतात. 2012 मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झाले. त्याचा काही भाग कुही तालुक्यात आहे. ‘जय’ वाघामुळे त्याचे नाव देशभर झाले. 2016 मध्ये तो दिसेनासा झाला, पण लोक येतच राहिले. गोठणगावच्या फाटकावर सकाळी उभे राहिले तर कपड्यांचे प्रदर्शनच दिसते. दहा खिशांचे जाकीट, हिरवी-तपकिरी विजार, कडक इस्त्री. त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. हरणांना तांबडा आणि केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही. म्हणून तर केशरी वाघ त्यांना हिरव्या गवतात चटकन उमगत नाही. निळा रंग मात्र त्यांना चांगला दिसतो. कपडे उजळ दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत घालतात त्या द्रव्यांची चमकही त्यांच्या डोळ्यांना जाणवते. तेव्हा जंगलात जाताना नव्या चकचकीत कपड्यापेक्षा साध्या पाण्यात दहादा धुतलेला, विटलेला सदरा बरा.

त्याच फाटकावर मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या बाया भेटतात. अंगावर विटलेले लुगडे, डोक्यावर पदर, हातात टोपली. पर्यटक हौसेने मातीचा रंग अंगावर चढवून आलेला असतो. या बायांच्या कपड्यांना तो न मागता चढलेला असतो. आमच्या लहानपणी खाकी म्हणजे पोलीस, जंगलाचा शिपाई, पोस्टमन, एसटीचा कंडक्टर. काही खाकींची वाट पाहायची, काहींना पाहून वाट बदलायची. मातीचा रंग मातीतल्या माणसाला कधी कधी घाबरवतो, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

ग्रंथालयातून त्या दिवशी मी कुहीची शेवटची बस धरली. घरी पोचलो तेव्हा अम्मी चुलीपुढे होती. मी तिला लम्सडेन, चहाचे पाणी, चिखल, धुतल्यावर जाणारा रंग, सगळे एका दमात सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘त्यांच्याकडं तुरटी नव्हती का? मी टाकायची विसरले होते, म्हणून तुझा रंग गेला.’’

सात वर्षे ती गोष्ट तिच्या मनात होती. मला वाटत होते, फक्त माझ्याच मनात आहे.

ती पँट मी शोधली. अब्बांनी तिच्या कापडातून कधीच शिवणयंत्रावर घालायचा अभ्रा शिवला होता. डाग अजून दिसत होते. आज अब्बाही नाहीत, अम्मीही नाही. दोघेही कुहीच्या मातीत आहेत. शिवणयंत्र माझ्या घरी आहे आणि त्यावर तोच अभ्रा आहे. आता मी तो धुवायला देत नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)