‘५ सू.’ : एका अपुऱ्या इंजिनावरील टिपणाचा अर्थ

जुन्या कागदांवरील संक्षेपाक्षरांनीं भल्याभल्यांस फसविलें आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. आम्हीही नुकतेच एका संक्षेपानें फसलों. फरक इतकाच कीं, तो ज्या कागदावर होता तो मोडीचा नसून इंग्रजी छापाचा, आणि ज्या वस्तूचा उलगडा त्यानें व्हावयाचा ती ताम्रपट नसून लोखंडपितळेचें एक अपुरें आगगाडीचें इंजिन आहे. विषय नेहमींच्या कक्षेबाहेरचा वाटेल. तथापि साधन म्हणजे केवळ कागद, असा आग्रह धरणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं.

हकीकत अशी. आमचे एक जुने विद्यार्थी परळच्या रेल्वे कारखान्यांत उभें आयुष्य घालवून निवृत्त झाले व दोन वर्षांपूर्वीं वारले. त्यांच्या घराच्या मागील पडवींत एक लहान लेथयंत्र, कानशी, बिडाचे कांहीं ओतीव तुकडे आणि सहा चाकांवर उभा असलेला दोन फुटांहून कमी लांबीचा सांगाडा निघाला. त्याबरोबर ‘मॉडेल इंजिनीअर’ या इंग्रजी साप्ताहिकाचे दोन बांधीव खंड व रेखाटनांची एक सुरळी होती. मुलांनीं भंगारवाल्यास बोलाविलें. लेथयंत्र चांगल्या किंमतीस गेलें. सांगाडा एका जाणत्या गृहस्थांनीं साडेतीन इंची रुळांच्या तुकड्यावर ठेवून पाहिला, तो बसेना. माप चुकलें आहे, सबब धातूच्या वजनापलीकडे किंमत नाहीं, असा त्यांचा निकाल पडला. कागद ‘मास्तरांस आवडतात’ म्हणून आमच्याकडे आले, आणि मागाहून विनंतीवरून सांगाडाही आला, मात्र एक महिन्याच्या बोलीनें.

या खंडांची जात ठाऊक नसलेल्यांसाठीं दोन शब्द. हें पत्र पर्सिव्हल मार्शल यांनीं लंडन येथें जानेवारी १८९८ मध्यें काढिलें व त्याच वर्षीं त्या छंदाच्या लोकांची सभाही तेथें स्थापन झाली. वाचक म्हणजे कारकून, डॉक्टर, रेल्वेचे नोकर. परसांतील खोपटांत पायानें फिरविण्याचें लेथयंत्र मांडून, संध्याकाळच्या दोन घटका लोखंड कातीत बसणारे. विकण्यासाठीं नव्हे, पोटासाठींही नव्हे. आमच्याकडे पोथ्या नकलून घेणाऱ्या हौशी मंडळींची आठवण व्हावी, असाच हा वर्ग होता.

या पत्रांतील सर्वांत मोठा लेखक ‘एल. बी. एस. सी.’ या चार अक्षरांनीं लिही. हीं अक्षरें लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वेचीं. तरुणपणीं तो तिच्या नोकरींत होता. पुढें लोक त्यास कर्ली लॉरेन्स म्हणत, पण हेंही त्याचें जन्मनाम नव्हे. जन्म १८८३, मृत्यु १९६७. कर्त्याच्या नांवाचा असा घोळ आम्हां संस्कृतज्ञांस अपरिचित नाहीं.

त्याची कीर्ति एका वादानें झाली. १९२२ मध्यें प्रश्न निघाला कीं, अडीच इंची रुळांवरील चिमुकलें इंजिन जिवंत माणसास ओढील काय? त्या काळीं बाजारांतील लहान इंजिनें बहुधा स्पिरिटच्या दिव्यावर तापत, आणि खऱ्या इंजिनासारखा कोळशाचा भट्टीबंद बॉयलर इतक्या लहान आकारांत चालणार नाहीं, असें जाणते म्हणत. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. लांबी सोळापट घटविली म्हणजे पृष्ठभाग २५६ पट व घनफळ ४०९६ पट घटतें. विस्तव आणि पाणी मात्र घटविलेल्या नकाशास जुमानीत नाहींत. खऱ्या बॉयलरांतील दोन इंची नळी त्या प्रमाणानें इंचाच्या आठव्या भागाची होते, आणि ती काजळीनें तेव्हांच तुंबते. लॉरेन्सचें म्हणणें असें कीं, नळ्या प्रमाणांत करूंच नका. थोड्या घ्या, पण रुंद घ्या. १९२४ सालीं स्पर्धा झाली व त्याच्या ‘आयेशा’ नांवाच्या इंजिनानें कोळशावर माणूस ओढून दाखविला. शाईनें न मिटलेला वाद रुळांवर मिटला. इतिहाससंशोधनांत अशी सोय असती तर कित्येक शकावल्यांचीं भांडणें कधींच संपलीं असतीं!

पुढें त्यानें अनेक इंजिनांचीं रेखाटनें क्रमशः दिलीं व प्रत्येक तुकडा कसा ओतावा, कातावा, झाळावा हें सांगितलें. आपल्या मजकुरास तो ‘शब्द’ व रेखाटनांस ‘संगीत’ म्हणे. आम्हांस हा संबंध सूत्र व भाष्य यांसारखा वाटला, आणि येथेंच आम्ही घसरलों.

सुरळींतील रेखाटन साडेतीन इंची रुळांवरील इंजिनाचें होतें. त्यावर सात ठिकाणीं पेन्सिलीनें, बारीक पण ठाम हातानें, ‘५ सू.’ असें देवनागरींत लिहिलें होतें. आम्हीं तें तत्काळ ‘पांचवें सूत्र’ असें वाचिलें व लेखमालेचा पांचवा हप्ता काढिला. त्यांत तेल सोडण्याच्या पंपाची कृति निघाली. टिपणें तर आंसांजवळ! आम्ही आठ दिवस हप्ते निरनिराळ्या रीतीनें मोजीत बसलों. शेवटीं आमच्या खिडकीचें दार बसविण्यास आलेल्या सुतारानें मेजावरील कागद पाहिला व हातांतील रंधा खालीं न ठेवितां म्हटलें, “पांच सूत, मास्तर.”

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पन्नास वर्षें सूत्रें शिकविणाऱ्यास सूत ओळखूं येऊं नये, ही गोष्ट लिहिण्यास संकोच होतो. सूत हा शब्द सूत्रापासूनच निघाला, एवढेंच काय तें समाधान.

आतां टिपणें कोठें आहेत व कोठें नाहींत हें पाहूं. तीन आंसांच्या लांबीवर, दोन बाजूंच्या पत्र्यांस जोडणाऱ्या तीन आडव्या तुकड्यांवर, आणि भट्टीच्या जाळीच्या रुंदीवर तीं आहेत. चाकांचा व्यास, सिलिंडरचें भोंक, दांड्यांची लांबी यांवर एकही नाहीं. म्हणजे इंजिनाची उंची व लांबी कायम ठेवून केवळ रुंदी पांच सूत वाढविली आहे. चूक एके ठिकाणीं होते. सातही ठिकाणीं तीच, आणि आडव्या मापांतच तेवढी, अशी चूक होत नाहीं.

साडेतीन इंचांत पांच सूत मिळविले म्हणजे चार इंच एक सूत होतात. मूळ रेखाटन फुटास पाऊण इंच या प्रमाणाचें आहे. इंग्लंडांतील रुळांमधील अंतर चार फूट साडेआठ इंच. त्यास या प्रमाणानें साडेतीन इंच पडतात, यांतील किंचित् ओढाताण तिकडील लोकांनीं सोयीसाठीं पत्करिली आहे. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती साडेपांच फुटी रुळांवरून. साडेपांचास पाऊणनें गुणिलें म्हणजे बरोबर चार इंच एक सूत.

हिशेब मांडला तेव्हां रात्र झाली होती. सकाळीं सुतारास पुनः बोलावून एका फळीवर दोन लोखंडी पट्ट्या त्या अंतरानें समांतर ठोकविल्या व सांगाडा वर ठेविला. तो बसला, आणि बोट लावितांच फळीच्या टोकापर्यंत गेला.

तेव्हां परकी रेखाटनें प्रमाण मानूनही या गृहस्थांनीं आपलें इंजिन आपल्या रुळांचें केलें. चार इंच एक सूत हें माप त्या छंदाच्या रूढ मापांत, म्हणजे अडीच, साडेतीन व पांच इंचांत, नाहीं. दुसऱ्या कोणाच्याही रुळांवर तें इंजिन चालणार नव्हतें, हें त्यांस ठाऊक असलेंच पाहिजे. लॉरेन्सनें घराच्या बागेंत स्वतःचा लोहमार्ग घातला होता. आमच्या विद्यार्थ्यांजवळ पडवी होती. लाभ मात्र एक होता. जाळी दोन पत्र्यांच्या मध्यें बसते, म्हणून पत्रे पांच सूत दूर गेले कीं विस्तवासही तितकी जागा अधिक मिळते. जाळीजवळील टिपणाखालीं दोन रेघा आहेत. एक सिलिंडर कातून पुरा आहे. दुसरा ओतशाळेंतून आला तसाच आहे. बॉयलरास हात लागलेला नाहीं.

सर्व हिशेब आम्हीं मुलांस लिहून कळविला. धाकटे चिरंजीव येऊन गेले. त्यांनीं सांगाडा फळीवर दोनदां ढकलून पाहिला, महिन्याची बोली सोडून दिली, व लेथयंत्र कोणीं नेलें हें विचारण्यास भंगारवाल्याकडे गेले.

कोणा वाचकाच्या संग्रहीं चार इंच एक सूत अंतराचे रूळ, तशीं चाकें किंवा ‘सू.’ असें टिपण असलेलीं यंत्रांचीं रेखाटनें असल्यास त्यांनीं मंडळाच्या पत्त्यावर कळवावें.