कांडणातली ओवी, रायतूरचा छापखाना

आमच्याकडे पोथी 'लावतात'. जेवणं उरकली की एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे भिंतीला टेकून ऐकतात. छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तिथल्या एकनाथांची ओवी अशीच कानांनी जगली. इंग्रज फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाचं, म्हणजे मराठी ओवीत सांगितलेल्या ख्रिस्तकथेचं, कूळ शोधायचं तर याच बैठकीपासून निघावं. इंग्लंडपासून निघालं की वाट चुकते.

ओवी मुळात बायकांची. महाराष्ट्रातल्या स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त आहे. साडेतीन चरणांच्या घाटात मला अजून मुसळाचे घाव आणि शेवटचा विसावा ऐकू येतो. 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी ओवीत गीता सांगितली, 1573 मध्ये नाथांनी भागवताचा अकरावा स्कंध पुरा केला.

पुढे सहाच वर्षांनी, ऑक्टोबर 1579 मध्ये, थॉमस स्टीफन्स गोव्याला उतरला. एलिझाबेथ राणीच्या राज्यातला, विल्टशरचा कॅथलिक, रोममध्ये जेझुइट झालेला. वय तीस. 1619 मध्ये मरेपर्यंत तो इथलाच झाला, बराच काळ गोव्यातल्याच साष्टीत. वडिलांना त्याने गोव्याहून लिहिलेलं पत्र इंग्लंडात प्रवासवर्णनांचा संग्रह काढणाऱ्या हॅक्लुटने छापलं, म्हणून तिकडचे अभ्यासक त्याला ओळखतात. आपला तो कवी.

आणि हे पुराण मागितलं ऐकणाऱ्यांनी. साष्टीतली देवळं 1567 च्या सुमारास पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांना मनाई होती. ग्रंथाच्या आरंभीच प्रसंग आहे: इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, धर्मपाठ चालू असताना एक श्रोता विचारतो, आमची पुराणं बंद केलीत, मग दुसरं पुराण का देत नाही? मला ही भूक फार खरी वाटते. देव बदलला तरी पोथी ऐकायची सवय सुटत नाही.

1616 मध्ये रायतूरला, म्हणजे राशोलला, ते छापून झालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि अक्षरं रोमन. 'श'च्या जागी एक्स. पान नुसतं पाहिलं तर पोर्तुगीज वाटतं. मोठ्याने वाचलं की तीन चरणांची यमकं जुळतात, चौथा आखूड चरण अलगद टेकतो आणि आपण पोथीच्या बैठकीत असतो. सुरुवातीला रीतसर नमन आहे, स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय, मराठीची थोरवी गाताना फुलांतली मोगरी आणि सुगंधांतली कस्तुरी आठवली आहे. ज्ञानेश्वरांनंतर मराठीवर इतक्या मायेने लिहिणारे फार थोडे.

1649 आणि 1654 मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवलेल्या प्रती जपल्या, म्हणून 1907 मध्ये मंगळुरात जोसेफ साल्दान्यांना पुराण छापता आलं, तेही रोमन अक्षरांतच. देवनागरीत ते पुस्तक यायला 1956 उजाडलं. शांताराम बंडेलूंनी ते पुण्यात काढलं.