बॉडी कॉन्टूरिंग शस्त्रक्रिया (वजन घटल्यानंतरची)

बॅरिअॅट्रिक (लठ्ठपणा कमी करण्याच्या) शस्त्रक्रियेने किंवा आहार-व्यायामाने वजन मोठ्या प्रमाणात घटल्यावर उरलेली सैल, लोंबती त्वचा काढून शरीराला आकार देणारी प्लास्टिक शस्त्रक्रिया. दीर्घकाळ ताणल्या गेलेल्या त्वचेतील कोलॅजेन व इलॅस्टिन तंतू दुबळे होतात. त्यामुळे मेद ओसरला तरी त्वचा पूर्ववत आक्रसत नाही. पोटाच्या घड्यांत घाम साचून पुरळ, बुरशीसंसर्ग व जखमा होतात. चालणे, स्वच्छता राखणे अवघड होते. म्हणून या शस्त्रक्रियेला केवळ सौंदर्याचा हव्यास मानणे रुग्णावर अन्यायकारक ठरते.

पोटावरील अतिरिक्त त्वचा व मेद काढण्याची शस्त्रक्रिया हॉवर्ड केली यांनी 1899 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे केली. टेड लॉकवूड यांनी 1990 च्या दशकात कंबर, नितंब व मांड्या एकत्रित उचलून घेण्याचे तंत्र विकसित केले. दंड, स्तन व मांड्यांवरील शस्त्रक्रिया बहुधा टप्प्याटप्प्याने करतात.

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर बॉडी कॉन्टूरिंग करण्यापूर्वी साधारणतः 12 ते 18 महिने थांबतात. वजन किमान 3 ते 6 महिने स्थिर असावे लागते. प्रथिने, लोह व बी-12 जीवनसत्त्व यांची कमतरता आधी भरून काढतात. धूम्रपान बंद करावे लागते. त्वचेखाली द्रव साचणे, जखम उसवणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव व शिरांत रक्ताची गुठळी होणे हे प्रमुख धोके होत. व्रण कायम राहतात. ही वजन घटवण्याची शस्त्रक्रिया नव्हे. वजन पुन्हा वाढल्यास तिचा लाभ कमी होतो.