ख्रिस्ताचे देवत्व

ख्रिस्ती धर्मातील मूलभूत सिद्धान्त. नासरेथचा येशू हा केवळ संदेष्टा, गुरू किंवा सत्पुरुष नसून स्वतः देव आहे, आणि तरीही तो पूर्ण अर्थाने मनुष्य आहे, असे हा सिद्धान्त मानतो. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि बहुसंख्य प्रॉटेस्टंट चर्चना तो मान्य आहे. येशूच्या उपदेशाचा आदर करणारे लोक सर्व धर्मांत आढळतात. तेवढ्याने कोणी ख्रिस्ती ठरत नाही. ख्रिस्ती श्रद्धा उपदेशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, उपदेश करणाऱ्या व्यक्तीवर उभी आहे. येशू कोण, याचे उत्तर बदलले की तारण, प्रार्थना, बाप्तिस्मा आणि देवाचे स्वरूप या सर्वांचा अर्थ बदलतो.

शास्त्राधार : नव्या करारात हा सिद्धान्त सूत्ररूपाने एका ठिकाणी मांडलेला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ देवाच्या शब्दाला देव म्हणतो आणि तोच शब्द देहधारी झाला असे सांगतो. त्याच ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशूला थोमा प्रभू आणि देव म्हणून संबोधतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देवस्वरूप असलेल्या ख्रिस्ताने दासाचे रूप घेतल्याचे वर्णन आहे. हा उतारा पौलाच्याही आधीचे भजन असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असल्यास ख्रिस्ताची उपासना येशूच्या मृत्यूनंतर दोन-तीन दशकांच्या आतच रूढ झाली होती असे म्हणावे लागते. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती माणसाचा प्रसंगही महत्त्वाचा आहे. येशू त्याच्या पापांची क्षमा जाहीर करतो, आणि हा अधिकार एकट्या देवाचा आहे, अशी हरकत शास्त्री घेतात. त्यांचे गृहीतक शुभवर्तमानकाराला मान्यच आहे. त्याची कथा त्या गृहीतकावरच उभी आहे.

पिता आपल्याहून थोर आहे असे येशूने म्हणणे, शेवटच्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नसल्याचे सांगणे, स्वतःला उत्तम म्हणवून घेण्यास नकार देणे, ही वचने विरोधी पक्षाने सर्व काळात पुढे केली आहेत. परंपरेने त्यांचा संबंध येशूच्या मनुष्यपणाशी लावला. येशूने स्वतः आपल्या देवत्वाचा दावा केला होता का, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. व्हिल्हेल्म बूसेट यांनी १९१३ मध्ये ख्रिस्तपूजेचा उगम ग्रीक वातावरणात शोधला. लॅरी हुर्ताडो यांनी तो अगदी आरंभीच्या यहुदी शिष्यवर्तुळातच असल्याचे प्रतिपादन केले. देव एकच, हे ज्यांच्या रोजच्या प्रार्थनेत होते अशा यहुदी लोकांनी एका सुताराच्या नावाने प्रार्थना सुरू केली, हे कोणत्याही मताने स्पष्ट करावेच लागते. ख्रिस्ती मंडळीबाहेरचा एक जुना पुरावा धाकट्या प्लिनीचा आहे. बिथिनिया प्रांताचा अधिकारी असताना, इ. स. ११२ च्या सुमारास, त्याने सम्राट ट्राजनला कळवले की हे लोक पहाटे एकत्र जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात.

आरियस आणि निकीया : वादाला तोंड फुटले ते चौथ्या शतकात, अलेक्झांड्रियात. तेथील आरियस या धर्मगुरूचे म्हणणे असे की पुत्र सर्व सृष्टीच्या आधी निर्माण झाला, सृष्टी त्याच्याद्वारे घडली, तो वंदनीय आहे. पण तो निर्मित आहे आणि त्याच्या अस्तित्वाला आरंभ आहे. देवाचे एकत्व आणि अतुल्यता अबाधित राहावी, ही त्यामागची तळमळ होती. आरियसला येशूचा द्वेष्टा ठरवणारे नंतरचे लेखन अन्यायाचे आहे. त्याचे स्वतःचे लेखन फार थोडे उरले असून त्यातील बराच भाग विरोधकांनी दिलेल्या उताऱ्यांतूनच कळतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२५ मध्ये निकीया (आजचे तुर्कस्तानातील इझनिक) येथे बिशपांची परिषद बोलावली. उपस्थितांची पारंपरिक संख्या ३१८ सांगतात. परिषदेला हजर असलेला इतिहासकार युसेबियस अडीचशेहून अधिक म्हणतो. परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, तो जन्मलेला आहे पण निर्मिलेला नाही, असे ठरवले. लिबियातील दोन बिशपांनी अखेरपर्यंत मान्यता दिली नाही. त्यांना आरियसबरोबर हद्दपार करण्यात आले. एकतत्त्व हा शब्द बायबलमध्ये नाही, म्हणून परिषदेच्या बाजूच्या अनेकांनाही तो खटकत होता.

परिषदेने वाद मिटला, अशी समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. पुढची पन्नासहून अधिक वर्षे सम्राटांचा कल बदलत राहिला आणि त्याबरोबर अधिकृत मतही. ३२८ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप झालेला अथनेशियस या काळात पाच वेळा परागंदा झाला. त्याच्या पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीपैकी सुमारे सतरा वर्षे त्यात गेली. देवत्वाचा सिद्धान्त सम्राटाने चर्चवर लादला, असे म्हणणाऱ्यांनी कॉन्स्टंटियस आणि व्हॅलेन्स हे सम्राट आरियसच्या बाजूकडे झुकलेले होते, याचा विचार करायला हवा. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने निकीयाचे मत पुन्हा प्रस्थापित केले. आज बहुसंख्य चर्चमध्ये म्हटली जाणारी श्रद्धाघोषणा तिच्याशी जोडली जाते.

देवत्व का आवश्यक : अथनेशियसच्या लेखनात या प्रश्नाचे जे उत्तर आहे ते आजही मूलाधार मानले जाते. त्याच्या दृष्टीने माणसाचा रोग केवळ अज्ञानाचा नाही. अज्ञानाला उपदेशक पुरला असता. माणूस जीवनाच्या उगमापासून तुटला आहे आणि नाशाकडे ओढला जात आहे. त्याला पुन्हा देवाच्या जीवनात सहभागी करून घ्यायचे तर ते जीवन ज्याचे स्वतःचे आहे त्यालाच ते देता येईल. निर्मित वस्तू, ती कितीही थोर असली तरी, स्वतःच देवाच्या कृपेवर टिकून असते. पुत्र निर्मित असेल तर त्याच्याशी जोडला जाणारा माणूस दुसऱ्या एका प्राण्याशी जोडला जातो, देवाशी नव्हे.

दुसरा मुद्दा उपासनेचा. आरियसपंथीयही पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देत आणि ख्रिस्ताला प्रार्थना करत. पुत्र निर्मित असेल तर ही निर्मिताची पूजा ठरते, आणि ज्या एकेश्वरत्वासाठी आरियस झगडत होता तेच मोडते. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण वादातील हा सर्वांत भेदक युक्तिवाद आहे, कारण तो ग्रीक तत्त्वज्ञानातून न निघता मंडळीच्या रोजच्या प्रार्थनेतून निघतो. लोक जे आधीपासून करत होते त्याला खरा अर्थ आहे की नाही, हा तो प्रश्न होता.

तिसरा मुद्दा देवाच्या ओळखीचा. आरियसच्या मांडणीत पिता पुत्रालाही पूर्णपणे अगम्य आहे. असे असेल तर येशूच्या करुणेवरून देव करुणामय आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. येशूच्या पाठीमागे वेगळ्याच स्वभावाचा देव असू शकतो. देवत्व मानले तर कुष्ठरोग्याला स्पर्श करणारा हात, जकातदाराच्या घरचे जेवण, लाजराच्या कबरीपाशी आलेले अश्रू ही खुद्द देवाच्या अंतःकरणाची साक्ष ठरते. ख्रिस्ती माणूस संकटात ज्याला हाक मारतो त्याचा स्वभाव त्याला ठाऊक असतो, तो या आधारावर.

क्रूसाचा अर्थही यावरच ठरतो. येशू देव आणि माणूस यांच्यातला त्रयस्थ असेल, तर दोषींऐवजी एका निर्दोष माणसाला मरू देणारा देव न्यायी म्हणता येणार नाही, आणि ही हरकत वाजवी आहे. क्रूसावर जो आहे तो देवच असेल तर मोल चुकवणारा आणि क्षमा करणारा एकच होतो. कँटरबरीच्या अ‍ॅन्सेल्मने अकराव्या शतकाच्या अखेरीस हे ऋणाच्या भाषेत मांडले : देणे माणसाचे आहे, फेडण्याचे सामर्थ्य केवळ देवाचे, म्हणून फेडणारा देव-मनुष्य असला पाहिजे. पीटर अ‍ॅबेलार्डने क्रूसाकडे प्रेमाचे प्रकटीकरण म्हणून पाहिले. ही दोन मते परस्परविरोधी म्हणून शिकवली जातात. परंतु क्रूसावर दिसलेले प्रेम देवाचे असायला क्रूसावरचा देव असावा लागतो, म्हणून अ‍ॅबेलार्डचे म्हणणेही देवत्वाशिवाय उभे राहत नाही.

मनुष्यपण : देवत्वावर भर देताना मनुष्यपण निसटू नये, अशी दक्षता परंपरेने घेतली. येशूचे शरीर केवळ भासमान होते हे मत दुसऱ्या शतकातच नाकारले गेले. ४५१ च्या कॅल्सीडन परिषदेने एकाच व्यक्तीत दोन स्वभाव, मिसळ नाही आणि फाटाफूटही नाही, असे सूत्र केले. इजिप्त, आर्मेनिया व सिरियातील प्राचीन चर्चनी ते स्वीकारले नाही. हा मतभेद कितपत आशयाचा आणि कितपत परिभाषेचा, याविषयी अलीकडे दोन्ही बाजू सौम्य झाल्या आहेत. केरळातील मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्च याच परंपरेतले.

विरोधी मते : मायकेल सर्व्हेटस याला त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मत) नाकारल्यामुळे १५५३ मध्ये जिनिव्हात जाळण्यात आले, हा त्या शहराच्या सुधारणावादी इतिहासावरील कलंक आहे. युनिटेरियन पंथ आणि यहोवाचे साक्षीदार ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व मानत नाहीत. इस्लाम येशूला थोर पैगंबर मानतो, पण देवपुत्र मानत नाही.

भारत व महाराष्ट्र : राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूचा नीतिबोध त्याच्या देवत्वापासून वेगळा काढून प्रसिद्ध केला, श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमन यांनी त्याला प्रदीर्घ उत्तर दिले. मुंबईच्या प्रार्थना समाजाची भूमिकाही रॉय यांच्या भूमिकेजवळची होती. समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते युनिटेरियनांच्या साहाय्याने.

या प्रश्नाशी एका मराठी मनाने केलेली झुंज पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात जवळून पाहता येते. सिस्टर जेराल्डीन यांनी जपलेली ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांच्यावर ब्राह्म मताचा प्रभाव होता, आणि एकेश्वरत्वाची त्यांची ओढ बाप्तिस्म्याने संपली नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना, १८८५ च्या सुमारास, त्रैक्य व ख्रिस्ताचे देवत्व यांविषयीच्या शंका त्यांनी उघडपणे लिहिल्या. अथनेशियसच्या नावाने ओळखली जाणारी (प्रत्यक्षात त्याची नसलेली) श्रद्धाघोषणा त्यांना मान्य होईना. जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. बाप्तिस्मा घेतलेल्याने चर्चची शिकवण स्वीकारलीच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. रमाबाईंचे उत्तर ठाम होते : देवाने आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी दिली आहे, आणि भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी मात्र वेगळी वाट धरली. रमाबाईंना ही शिकवण विचाराने पटावी लागेल, हे ओळखून त्यांनी शंकांना शंका म्हणूनच उत्तरे दिली.

मूळचे कोकणस्थ ब्राह्मण आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतलेले नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांच्या लेखनाचा रमाबाईंवर प्रभाव होता, हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. १९०७ मधील आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो कित्येक वर्षांनी सापडला. जुन्या शंकांचे निरसन नेमके कोणत्या युक्तिवादाने झाले, यावर चरित्रकार वेगवेगळी मते देतात. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनची नंतरची प्रार्थना व उपदेश मात्र ख्रिस्ताला प्रभू व तारणारा मानूनच चालत होते. हुकुमाने न स्वीकारलेली श्रद्धा अनुभवाने आपलीशी झाली, असा या पत्रांचा अर्थ प्रस्तुत लेखक लावतो.

मराठी साहित्यात या श्रद्धेचे पहिले मोठे काव्य फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण (राशोल, १६१६) हे ओवीबद्ध आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (बाप्तिस्मा १८९५) यांनी वारकरी भक्तीच्या वळणाने येशूला माउली म्हणून आळवले. हिंदू अवतारकल्पनेशी ख्रिस्ताच्या देहधारणाची तुलना वारंवार झाली आहे. देहधारण एकदाच घडले, आणि घेतलेले मनुष्यपण पुनरुत्थानानंतरही टाकले गेले नाही, हा भेद ख्रिस्ती लेखक दाखवतात, चेन्नईचे व्ही. चक्कराय यांनी मात्र अवतार ही संकल्पनाच पुढे नेली.

जागतिक चर्च परिषद : १९४८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे स्थापना होताना परिषदेने सदस्यत्वासाठी येशू ख्रिस्ताला देव व तारणारा मानण्याची अट घातली. १९६१ च्या नवी दिल्ली अधिवेशनात त्या अटीत पवित्र शास्त्राचा आधार आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा उल्लेख जोडण्यात आला.