मालवण की रत्नागिरी?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आज निमित्त झालंय ते सहलीचं.

दिवाळीत दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, फर्मान काढलं, "एकदा दोघं भाऊ समुद्रावर जाऊ या. पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं?" दादाला ब्याऐंशी पूर्ण झाली, मी पंचाहत्तरीला टेकलोय. मुलगा म्हणाला, "सगळी सोय करतो, पण चार दिवस आणि एकच गाव. धावाधाव नको." आता प्रश्न उरला, मालवण की रत्नागिरी?

माझं मन अर्थातच मालवणकडे. चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. दर वर्षी फळ्यावर खडूने कुरटे बेट काढायचो आणि त्याभोवती सिंधुदुर्गाचा नागमोडी तट. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी मुहूर्त केला, पायाच्या दगडांत शिसं ओतलं, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! हे सांगताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची. सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज हे सगळे समुद्र आपलाच समजत होते. त्यांच्या नाकासमोर हा राजा पाण्यात पाय रोवून उभा राहिला. पण खरं सांगू? मी स्वतः सिंधुदुर्ग कधी पाहिलाच नाही. सुट्ट्या लागल्या की पेपर तपासणी, मग गावचं घर, मग मुलांची शिक्षणं... राहून गेलं. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आपले बारा किल्ले आले, त्यात सिंधुदुर्गही होता. ती बातमी वाचली आणि चुटपुट आणखी वाढली.

दादाने मात्र रत्नागिरीचं नाव काढलं. "त्या थिबा राजाचा वाडा बघू या."

थिबा! माझ्या शिकवण्यात त्याच्या वाट्याला कधी एका ओळीपेक्षा जास्त आलं नाही. परवा जुनी पुस्तकं काढून बसलो. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला राणी सुपयालतसह बोटीत बसवलं. आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. आज जो थिबा पॅलेस म्हणून दाखवतात तो बांधून व्हायला १९१० साल उजाडलं. तोवर चोवीस वर्षं दुसऱ्या बंगल्यांत गेली. १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. राणी १९१९ ला मायदेशी परतली, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीलाच आली. तिची मुलगी टुटू इथेच वाढली, इथेच तिने संसार केला, इथलीच होऊन गेली.

इंग्रजांचा हिशोब बघा. दिल्लीच्या बहादुरशहाला १८५८ मध्ये रंगूनला धाडलं, तिकडच्या राजाला इकडे आणलं. राजा आपल्या माणसांपासून तोडला की संपला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याहून चटका लावणारी गोष्ट टिळकांची. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे ती सहा वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत! पुढे १९२४ मध्ये सावरकरांनाही याच जिल्ह्यात स्थानबद्ध केलं, ते थेट १९३७ पर्यंत.

एकाच कोकण किनाऱ्यावरची ही दोन गावं. एका ठिकाणी राजाने समुद्राचं अंगण केलं, दुसऱ्या ठिकाणी परक्यांनी त्याच समुद्राचं कुंपण केलं. पहिली गोष्ट मी छाती फुगवून शिकवली, दुसरी "परीक्षेला येत नाही" म्हणून घाईत उरकली.

तरीही मी मालवणचाच हट्ट धरून होतो. दादा म्हणाला, "जाऊ की मालवणला. तू होडीने किल्ल्यावर जाऊन ये. माझ्याच्याने होडीत चढवणार नाही, मी धक्क्यावर बसून बघीन."

तो हे अगदी सहज बोलला. मला मात्र बोलवेना. धक्क्यावर एकटा बसून पाण्याकडे बघणारा दादा डोळ्यांसमोर आला. लहानपणी नदीला पूर आला की मला खांद्यावर बसवून पलीकडे नेणारा हाच तो.

मुलाला फोन करून रत्नागिरी सांगितली. थिबा पॅलेसला होडी लागत नाही. टिळकांचं जन्मस्थान बघू, थिबाच्या समाधीशी दोन मिनिटं उभे राहू आणि संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर दोघंही एकाच बाजूला बसू.

सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षं उभा आहे, आणखी थोडा थांबेल. मी जाईन न जाईन. असो. आल्यावर सविस्तर लिहीनच. दादाने आत्ताच विचारलंय, छत्री घ्यायची का म्हणून.