मराठा डिच लेन

पुण्याहून येणाऱ्या पोस्टकार्डांवर आजी पत्ता लिहायची : मराठा डिच लेन, बागबाजार, कलकत्ता. तिला वाटे, ही मराठी माणसांची एखादी पेठच असणार. प्रत्यक्षात गल्लीत मराठी बिऱ्हाड आमचे एकटेच होते.

उत्तर कलकत्त्यातली अरुंद, ओलसर गल्ली. पहाटे रस्त्याकडेच्या नळांतून गंगेचे गढूळ पाणी सुटे आणि त्याने रस्ते धुतले जात. जवळच्या कालव्याचा वास उन्हाळ्यात घरात शिरे. दिवे गेले की अख्खा पाडा दारापुढच्या ओट्यांवर. अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी शेजारच्या माशीमा नातवाला थोपटत अंगाई म्हणत होत्या. तिच्यात 'बोर्गी' येण्याची भीती होती. बोर्गी म्हणजे कोण, असे मी घरी विचारले. बाबा जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बारगीर. आपलीच माणसं."

बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारी, तो स्वार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये चौथाईसाठी बंगालात उतरले. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी तह होईपर्यंत स्वाऱ्या चालू राहिल्या. गंगाराम कवीच्या बंगाली 'महाराष्ट्र पुराणा'त जळणारी गावे आहेत, बायकांवरचे अत्याचार आहेत, पोरेबाळे घेऊन पळणारी माणसे आहेत. आजीने पाठवलेल्या इतिहासाच्या पुस्तकात अटकेपार गेलेले घोडे होते, हे नव्हते.

घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा; तीनेक मैल झाल्यावर काम थांबले. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. १७५६ मध्ये आला तो सिराजउद्दौला, आणि त्याला काही तो अर्धवट खंदक अडवू शकला नाही. पुढे १७९९ च्या सुमारास बराचसा खंदक बुजवून सर्क्युलर रोड झाला. आमच्या गल्लीला तेवढे नाव उरले.

१९७१ मध्ये भीती पुन्हा आली, पण घोड्यावरून नाही. पोलीस रात्री गल्ल्या वेढत. १२-१३ ऑगस्टला आमच्या उत्तरेला काशीपूर-बरानगरात तरुणांना नक्षलवादी म्हणून वेचून मारले गेले. माशीमांचा धाकटा तेव्हा कॉलेजात होता. त्या स्वतः त्याला आमच्याकडे घेऊन आल्या. परप्रांतीयाच्या घरी कोण शोधणार, हा त्यांचा हिशेब. दार वाजले तेव्हा बाबांनी आपल्या मोडक्या हिंदीत बँकेतली बदली, मूळ गाव, सगळे सांगितले. शिपाई कंटाळून पुढे गेले. तीन रात्री तो स्वयंपाकघरात झोपला. आईची आमटी त्याला गोड लागे, पोळी कोरडी.

अंगाई माशीमांनी बदलली नाही. नातवानंतर नात झाली, तिलाही तीच. फक्त मी ओट्यावर असले की बोर्गींच्या ओळीला त्या माझ्याकडे बघून हसत, आणि ती ओळ मुद्दाम जरा मोठ्याने म्हणत.